घाटापलीकडे दोन कुप्या

हवामान केंद्रात अडकलेल्या भावापर्यंत इन्सुलिनच्या दोन कुप्या दुपारच्या आत पोहोचवायच्या होत्या. त्याचे औषध संपून दोन दिवस झाले होते. पुराने मोठा पूल नेला. उरला तो पायी जाणाऱ्यांचा झुलता पूल. त्यावरून मोटरसायकल जाईल, असे त्याच्या धाकट्या बहिणीने सांगितले. ती मोटरसायकली दुरुस्त करीत असे आणि गॅरेजात सारे तिला 'उस्ताद' म्हणत. तिने सांगितले, म्हणजे विषय संपला.

पहाटे वहिनी मागे बसल्या. नवऱ्याला सुई टोचायची सवय त्यांच्याच हाताला होती. व्यवसायाने त्या शिंपीण. औषध गोठून वाया जाऊ नये म्हणून कुप्या फ्लॅनेलच्या पट्टीत शिवून त्यांनी पोटाशी बांधल्या होत्या.

झुलता पूल त्यांनी गाडी हाताने ढकलीत, एकेक फळी चाचपीत ओलांडला. पुढे डांबर संपले आणि घाट सुरू झाला. पावसात बर्फाचे कण मिसळले. खड्ड्यामागून खड्डा येत होता.

“वन्सं, मघापासून मागून कटकट येतेय.”

“असल्या रस्त्यावर येणारच, वहिनी.”

“माझ्या मशीनचा पट्टा फार ताणला ना, की तो अस्साच कुरकुरतो.”

“तुम्ही झबली शिवा. चेन माझ्यावर सोडा.”

वहिनींनी पोटाशी बांधलेली पट्टी चाचपून पाहिली.

घाटाच्या एका अवघड वळणावर दरड कोसळली होती. चिखल, धोंडे, आणि डावीकडे सरळ दरी! उस्तादने पहिला गिअर टाकला. गाडी हिसका देत वर चढली, मधोमध आली, आणि खाडकन् चेन तुटली!

“उतरा!”

वहिनींनी उडी मारली. गाडी मागे घसरू लागली. उस्तादने ब्रेक आवळला, पाय रोवले. पाय चिखलात सरकले. वरून एक धोंडा गडगडत आला आणि हातभर अंतरावरून दरीत गेला.

“सोडा ती गाडी!”

“सहा वर्षं लागलीत मला ही बांधायला!”

“आणि तुमच्या भावाला मी काय तोंड दाखवू? सोडा म्हणते ना!”

उस्तादने हात सोडले. गाडी कलंडली, दोनदा आपटली आणि धुक्यात नाहीशी झाली. आवाज बराच वेळ येत राहिला.

आता तिला सारे लख्ख दिसले. सैल चेन म्हणजे तिच्या गॅरेजात नाक कापल्यासारखे. गाडी रिकामी, स्टँडवर उभी असतानाच तिने चेन ताणली होती. माणूस आणि सामान चढले की चेन आणखी ताणली जाते. म्हणून भार ठेवून पाहायचे असते. इतरांना हे ती रोज बजावीत असे. आज घाईत तिचेच राहिले.

उरलेले चार किलोमीटर चढण होती.

“वहिनी, चेन माझ्यामुळे तुटली. तुम्ही सांगत होतात.”

“चढावर बोलू नका. दम लागतो.” थोड्या वेळाने वहिनींनी मागे हात केला. “धरा.”

केंद्राचे दार भावाच्या सहकाऱ्याने उघडले. आत खाटेवर भाऊ खोल, भराभर श्वास घेत होता. ओठ कोरडे पडले होते. त्याने कोणालाच ओळखले नाही. वहिनींनी पट्टी उसवली. कुप्या शाबूत होत्या! पण थंडीने बधिरलेल्या त्यांच्या बोटांत सुई ठरेना.

“वन्सं, तुम्ही भरा.”

“मी? माझं चुकलं तर?”

“मी सांगते तसंच करा. हळू. अंऽ, एक रेघ जास्त झाली. मागे घ्या.”

उस्तादने एक रेघ औषध कुपीत परत ढकलले. वहिनींनी पाहून मान हलवली, तेव्हाच तिने सुई टोचली.

सहकाऱ्याने बिनतारी यंत्रावर डॉक्टरांना गाठले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुढचे डोस गेले, घोटघोट पाणी गेले. संध्याकाळी श्वास संथ झाला. भावाने डोळे उघडून आधी बायकोकडे पाहिले, मग बहिणीकडे.

“पूल तर गेलाय,” तो पुटपुटला. “आलात कशा? गाडी कुठाय?”

उस्तादने रिकामे हात मांडीवर ठेवले.

“शेवटी पायीच आलो, दादा,” ती म्हणाली. “वहिनी पुढे होत्या.”