शटरवरची तारीख

चपलेचा अंगठा तुटला नसता, तर रंजिता त्या दुकानात शिरलीच नसती.

मुरबाडची बाजारपेठ, टोकावड्याच्या एसटीला अजून अवकाश, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात कॉलेजच्या प्रोजेक्टचे प्रश्न, आणि त्यात भादव्याची सर एकदम आडवी आली! ती समोर दिसेल त्या दारात घुसली. आत पोरं टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसून गेम खेळत होती. काउंटरमागचा मुलगा तिच्या अनवाणी पायाकडे बघून हसला, आणि हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. एकाच! दुसरी कुणी पळवली होती की काय?

"आमी रिमोट दुरुस्त करतो, चपला नाय," तो म्हणाला. तरी चप्पल घेतली आणि तांब्याच्या तारेनं अंगठा घट्ट बांधून दिला.

"मग प्रश्नांची उत्तरं तरी दे," रंजिता धिटाईनं म्हणाली. "यंदा लोक सणाला मोठी खरेदी करतील, असा भरवसा वाटतो का?"

"भरवसा?" त्यानं गेमचा दोन नंबरचा रिमोट तिच्या हातात ठेवला. "आधी मला हरव. मग सांगतो."

ती हरली. मग पुढच्या शनिवारी हरली. त्याच्या पुढच्याही.

"मुद्दाम हरतेस ना गो?"

"तू मुद्दाम जिंकतोस ना रे?"

त्याचं नाव भाविक. गॅरेजमध्ये दोन वर्षं राबून त्यानं हे दुकान टाकलं होतं. पोरं इथं तासावर खेळायची. आणि भात झोडून झालं, हातात पैसा खुळखुळला, की त्यातलीच चार-दोन घरं टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल विकत न्यायची. वर्षाची खरी कमाई तीच. त्यात यंदा कंपनीनं जाहीर केलं होतं की नवा कन्सोल दसऱ्याला येणार. भाविकला आनंद मावेना. त्यानं शटरवर लाल रंगात, हातभर अक्षरांत रंगवलं: 'नवीन येतंय! दसऱ्याला!'

ब्रश पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "दसऱ्याला तुलापण... एक सांगायचंय."

"आत्ता सांग ना."

"आत्ता नाय. दुकान जोरात चाललं की. तुझ्या बाबांसमोर उभा राहीन तेव्हा मान वर पायजे."

रंजिता त्या दिवशी एसटीच्या खिडकीत बसून उगाच हसत होती. शेजारच्या बाईजामावशीनं विचारलं, "पोरी, काय लागीर-बिगीर झालं का तुला?"

पण शटरवरच्या त्या लाल अक्षरांनी भलतंच केलं. फळीवरचे जुने कन्सोल कुणी बघेना. "नवीन येतंय ना, मग जुना कशाला?" जो तो थांबला. तासावर खेळणारेही म्हणू लागले, आता नव्यावरच खेळू. दसरा आला. कंपनीनं कळवलं, दिवाळीला. भाविकनं दसऱ्यावर पांढरा हात मारून 'दिवाळीला' लिहिलं. दिवाळी आली. कंपनी म्हणाली, थोडा उशीर. त्यानं लिहिलं, 'म्हशाच्या जत्रेला.'

आणि दर वेळी रंजिताला म्हणाला, "तेव्हाच सांगतो. नक्की."

पौषात, म्हसा गावच्या जत्रेत दोघं घोंगड्यांच्या दुकानांमधून चालली होती. पोरं स्पीकर घेत होती, मोबाइल घेत होती, आईबाप बैलांचा सौदा करत होते. भाताचा पैसा भाविकच्या डोळ्यांसमोरून दुसऱ्यांच्या गल्ल्यात चालला होता. रोज त्याच्याकडे खेळायला येणारा कमळू समोरून आला, खांद्यावर नवा स्पीकर.

"काय भाविकशेठ, तुमचा दसरा कदी उजाडतो?" तो खिदळला. "आता आला तरी नको. उद्या म्हणाल, गणपतीला!"

भाविकही हसला. पण त्या हसण्यात खळी पडली नाही. रंजितानं ते बघितलं.

जत्रेनंतरच्या शनिवारी दुकान रिकामं होतं. फळ्या उतरवलेल्या. भाविक शटर रंगवत होता, पण आज फक्त पांढरं.

"वापीला चाललो. गोदामात काम मिळालंय."

रंजितानं पिशवी खाली ठेवली. "आणि... दसऱ्याला सांगणार होतास ते?"

तो ब्रश फिरवत राहिला.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं, वेड्या! माझंपण तेच आहे. ऐकलंस? मीच सांगितलं. आता विचार, थांबशील का म्हणून."

"थांब म्हणायचं तर कदीपर्यंत ते सांगायला पायजे ना गो?" त्याचा आवाज फाटला. "खोटं बोलली कंपनी, पण लोकांनी खोटा मला धरला. आता माझ्या शब्दावर माझाच भरवसा नाय."

"मग खोटी सांग!" ती रडत म्हणाली. "एकदा... एकदाच खोटी तारीख सांग ना रे. होळी म्हण, गणपती म्हण. मी धरून बसेन."

त्यानं ब्रश डब्यात टाकला. मग नकारार्थी मान हलवली.

"सगळ्यांना दिली. तुला नाय देणार."

जाताना त्यानं दोन नंबरचा रिमोट तिच्या पिशवीत ठेवला.

होळीच्या आदल्या दिवशी एसटीत रंजिताचा फोन वाजला. कंपनीची जाहिरात होती, नवा कन्सोल आला होता. अख्ख्या गाडीत कुणी मान वर केली नाही. मागच्या सीटवर कमळू खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

गाडी बाजारपेठेतून वळली. दुकानात आता खतांच्या गोण्या होत्या. शटर अर्धं वर होतं, आणि उन्हात त्या पांढऱ्या रंगाखालून लाल अक्षरं फिकी फिकी दिसत होती... दसरा, दिवाळी, जत्रा, एकावर एक. त्यातली एकही तारीख तिची नव्हती.

तिनं पिशवीत हात घालून रिमोट घट्ट धरला. अंगठ्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. टोकावडं येईपर्यंत दाबत राहिली.