मी यांना व्यक्तिशः ओळखतो

"मला ओळखता, एवढंच सांगाल का?"

हे मी एका अनोळखी तरुणाला विचारलं. भर दुपारी, उमरग्याच्या तहसील कचेरीसमोर, दाखल्याच्या रांगेत. तो दचकला. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "कुणाला सांगायचं?"

का, असं त्यानं विचारलंच नाही!

"भाडेकरारातून नाव काढायचंय... साक्षीदार पाहिजे."

साखरपुड्यानंतर मी आणि अमरनाथनं मुरुम गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. दोघांच्या नावावर, लग्नानंतर राहायला. माझ्या घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वीस दिवसांपूर्वी त्यानं फोनवर लग्न मोडलं. "घरचे नको म्हणतेत गं," म्हणून रडला. आणि मी वेडी, त्याचीच समजूत घालत बसले! आता साक्षीदार म्हणून घरचं कुणाला आणणार? पण नाव आजच काढायचं होतं. त्या घरात मला एक दिवसही कागदावरसुद्धा राहायचं नव्हतं.

तो तरुण रांग सोडून माझ्यामागे आला. बाँड लिहिणाऱ्या वैजनाथकाकांच्या टेबलाशी अमरनाथ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मी माझा कागद उचलायला गेले. चुकून वरचाच हाती आला... नवा भाडेकरार. तेच घर, तेच घरमालक कल्याणप्पा. फक्त माझ्या नावाच्या जागी— सौ. महेश्वरी अमरनाथ...

सौ.?

मी पुन्हा वाचलं. अमरनाथच्या बोटांकडे नजर गेली. नखांत हळद अजून पिवळीजर्द होती.

"कधी?" कसंबसं तोंडातून निघालं.

"रविवारी... हर्षाली, मी सांगणारच होतो—"

"वीस दिवसांत? अरे, वीस दिवसांत इथं ब्लाउज शिवून मिळत न्हाय!"

वैजनाथकाका खोकले. त्या तरुणानं मुकाट्यानं खुर्ची ओढून माझ्यामागे ठेवली. मी मटकन बसले. रडायचं नाही असं ठरवून आले होते. पण रडू येतच नव्हतं. मी नुसती बधिर झाले होते.

"साक्षीदार कोण?" काकांनी विचारलं.

"मी. उत्कर्ष, माकणीचा."

अमरनाथनं मान वर केली. "तू हिला कधीपासून ओळखतोस?"

"तुम्ही ओळखायचं सोडलं ना, तवापासून," उत्कर्ष शांतपणे म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

काकांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मीही सही केली. माझं नाव निघालं.

बाहेर आल्यावर उत्कर्ष घुटमळला. "एक घोळ झाला बघा. 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो' असं छापलंय, त्याच्याखाली सही केली म्या. आजवर खोटी सही कधी केली न्हाय..."

"मग आता?"

"आता ती तुम्हीच खरी करून द्या." त्याचे कान लालबुंद झाले होते. "म्हणजे... चहा घेता का?"

मला हसू आलं. आज, या दुपारी, मला कुणीतरी आवडावं? दिवसभरातला हाच सगळ्यात मोठा धक्का होता.

"चहा मी घेत न्हाय," मी म्हणाले. "ही पहिली गोष्ट. ध्यानात ठेवा."