काचेच्या खोलीतल्या दोघी

बसा, आणि तो दिवा जरा तुमच्या बाजूला ओढून घ्या. आतल्या खोलीत आईचा आत्ताच कुठे डोळा लागलाय, तिच्यावर उजेड नको. व्याख्यानमालेचं काम विद्यापीठाने यंदा तुमच्याकडे दिलं, म्हणून तुम्ही एवढ्या लांब मला बोलवायला आलात, आणि मी दारातच नाही म्हणाले. तसं कुणाला वाटेला लावणं बरं नव्हे. काय झालं ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

त्या मालेत मी आणि माझी थोरली बहीण, ताई, कितीतरी वर्षं दुभाष्या होतो. दर हिवाळ्यात बाहेरून मोठमोठे पाहुणे यायचे. कुणी ताऱ्यांवर बोलायचं, कुणी जमिनीतून निघालेल्या हाडांवर. कुलगुरू त्यांचा परिचय करून द्यायचे, तो बहुतेक वेळा व्याख्यानापेक्षा लांबायचा. मग पाहुणे त्यांच्या भाषेत सुरू करायचे, आणि सभागृहाच्या मागे काचेच्या चिमुकल्या खोलीत बसून आम्ही ते तिथल्या तिथे आपल्या भाषेत बोलायचो. ते श्रोत्यांना कानातल्या यंत्रात ऐकू जायचं. आमच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये मात्र फक्त वक्त्याचा आवाज.

या कामाचा एक नियम आहे. वक्ता ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ असं नाही. त्यामुळे मी कधी म्हातारा दर्यावर्दी झाले, कधी तुरुंगातून सुटून आलेली बाई. स्वतःचं ‘मी’ त्या खोलीच्या बाहेर, चपलांबरोबर ठेवून जायचं.

आत दोन खुर्च्या, दोन माईक. एकाचं बटण दाबलं की त्याचा लाल दिवा लागतो आणि दुसरा आपोआप बंद होतो. अर्धा तास ती बोलणार, अर्धा तास मी, कारण त्याहून जास्त एकटीने ओढलं की डोकं चालेनासं होतं. आमचे आवाज इतके सारखे की बोलणारी बदललेली श्रोत्यांना कळायचंसुद्धा नाही. ताईला बघायला आलेला एक मुलगा फोनवर तासभर माझ्याशीच गोड बोलत बसला होता, आणि ताईने तेवढ्यावरून त्याला नकार कळवला. आई मात्र कधी फसली नाही. आम्ही बोलायच्या आधी जो श्वास घेतो, त्यावरूनच ती ओळखायची.

ताई न्यूमोनियाने गेली, आठवड्याच्या आत. घशात नळी घातलेली होती. शेवटच्या दिवशी ती सारखी ओठ हलवत होती. आई तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली होती, पण आवाज फुटलाच नाही. त्यानंतर आईचं एकच सुरू झालं. “तिला काहीतरी सांगायचं होतं गं.” पानावर बसली की हेच, आणि मग पान तसंच राहायचं. पुढे पुढे बोलणंही थांबलं. भिंतीकडे तोंड करून बसायची. आपल्याला अजून एक मुलगी आहे, हे ती जणू विसरली होती. मला ते फार लागायचं, खोटं कशाला बोलू.

त्या हिवाळ्यात मला जोडीदार मिळाली नाही. एकटीनेच निभावून नेऊ म्हटलं. आईला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिला सोबत नेलं आणि शेवटच्या रांगेत, माझ्या काचेच्या अगदी खाली बसवलं. तिच्या कानात यंत्र अडकवलं. तिने नको म्हटलं नाही आणि हवंही म्हटलं नाही.

वक्ते होते समुद्रपक्ष्यांचे अभ्यासक, बोलण्यात मोठे मिश्किल. अर्धा तास मी बरी चालले. मग एकदम डोकं पाटीसारखं कोरं झालं. कानात शब्द येत होते, तोंडातून एक निघेना. माझी पाचावर धारण बसली. दुभाष्या थांबला की सगळं सभागृह माना वळवून काचेकडे बघतं, हे मला ठाऊक होतं. मी त्या माना वळायची वाट बघत बसले.

एकही मान वळली नाही. पाहुण्यांनी विनोद केला आणि लोक हसले. त्यांची भाषा येणारे तिथे चार टाळकी असतील नसतील... आणि सगळं सभागृह हसलं, नेमकं जिथे हसायचं तिथे. घशासाठी ताई एक गोळी चघळायची, तिचा उग्र, थंड वास खोलीत भरला. मी हळूच उजवीकडे पाहिलं. दुसऱ्या माईकचा लाल दिवा लागलेला होता. खुर्ची रिकामी होती.

बाहेर पडताना आईने माझा दंड धरला. कित्येक आठवड्यांनी तिने मला आपणहून हात लावला.

“आधी तू बोललीस,” ती म्हणाली. “मग ती.”

“आई, मी एकटीच होते गं...”

“श्वास मला कळतो.” आणि घरी आल्यावर ती पोटभर जेवली.

मग मी काय केलं असेल? तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतं. दर व्याख्यानाला मी अर्धा तास बोलायची आणि गप्प व्हायची. शेजारचा दिवा लागायचा. आई केस विंचरू लागली, शेजारणीशी बोलू लागली. पुढचं व्याख्यान कधी, कोण येणार, कोणत्या विषयावर, हे तिला माझ्याआधी माहीत असायचं.

मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. श्रोत्यांचं यंत्र मी खोलीत नेऊन पाहिलं, त्यात नुसती खरखर. ध्वनिमुद्रण व्हायचं ते फक्त मंचावरच्या माईकचं. एकदा न राहवून, शेजारचा दिवा लागल्यावर उठले आणि आईजवळ जाऊन बसले. त्याच क्षणी सगळ्या माना मागे वळल्या. आईने यंत्र कानातून काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नको त्या वेळी आलेली पाहुणी होते.

“तू इथे कशाला आलीस?” ती पुटपुटली. “तू नसलीस की ती बोलत नाही.”

मी परत वर गेले. भीती केव्हाच संपली होती, उरला होता तो हेवा. एवढ्या मोठ्या सभागृहात माझ्या बहिणीचा आवाज ऐकू येत नव्हता तो एकटा मला. आणि आईला अजूनही हवं ते मिळालं नव्हतं. ताई पक्ष्यांचं बोलायची, ताऱ्यांचं बोलायची. स्वतःचं एक अक्षर नाही. “सांगेल,” आई म्हणायची. “घाई नको करायला तिला.”

शेवटच्या व्याख्यानाला आल्या होत्या पूल बांधणाऱ्या एक अभियंता बाई. विषय कोरडा ठणठणीत. लोखंड, रिव्हेट, वाऱ्याचा दाब. मी माझा अर्धा तास संपवून गप्प झाले. शेजारी दिवा लागला. माझ्या हेडफोनमध्ये बाई सांगत होत्या की गंज आधी सांध्यात धरतो. आणि खाली, तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला. मग आणखी कुणी, आणखी कुणी... नटबोल्टांवर कधी कुणी रडलेलं ऐकलंय का तुम्ही? अभियंता बाई गोंधळून थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा गंजावर आल्या. तरी लोक रडतच होते. बाई थांबल्या होत्या तेव्हाही लोक ऐकत होते. आई कानावर हात दाबून, मान हलवत बसली होती. लहानपणी शाळेतून येऊन आम्ही गाऱ्हाणी सांगायचो, तेव्हा अशीच हलवायची.

खाली उतरले तर ते म्हातारे गृहस्थ दारात यंत्र परत करत होते. ते मला ओळखत नव्हते.

“पाहुण्या बाई फार मनापासून बोलल्या,” ते म्हणाले. “त्या धाकट्या बहिणीचं ऐकून गलबलून आलं हो. फार लहान वयात गेली वाटतं ती?”

रस्त्यात मी आईला विचारलं, ताई काय बोलली. ती दिव्याच्या एका खांबाखाली थांबली.

“ती तुझंच विचारत होती,” ती म्हणाली. “म्हणे, आई... धाकटी कधी गेली गं? मला कुणी सांगितलंच नाही. शेजारच्या खुर्चीत येऊन बसते. ओठ हलतात, आवाज येत नाही. मी किती हाका मारते...”

“आणि तू? तू काय म्हणालीस?”

“तिथून मी बोललेलं तिला थोडंच ऐकू जातं?” आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे निरखून बघत राहिली.

दवाखान्यातही ताई हेच विचारत होती का, ते मला माहीत नाही. आई म्हणते, हेच. तेव्हापासून मी त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही. आईने पुन्हा कधी व्याख्यानाचं नाव काढलं नाही, भिंतीकडे तोंड करूनही बसत नाही. ती आता दिवसभर माझ्यामागे असते. जेवताना माझं मनगट धरून ठेवते, बोटं नाडीवर. एके काळी आईने माझ्याकडे बघावं म्हणून माझा जीव तुटायचा. आता ती दुसरं काही बघतच नाही.

आज दुपारी मी जरा आडवी झाले होते. जाग आली तर आई उशाशी बसलेली, तळहात माझ्या नाकासमोर धरलेला. बराच वेळ तिने तो हलवला नाही. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तिचा हात हातात घेतला.

“आई... मी आहे गं. इथेच आहे.”

“हो बाळा,” ती म्हणाली. “तीही असंच म्हणते.”