दोन सूत वर

गाडीचं खाली बसलेलं दार घरच्या घरी वर घेता येतं. एक जॅक, लाकडाचा ठोकळा, जुन्या टॉवेलचा तुकडा आणि बिजागरीच्या बोल्टला बसेल असा पाना, एवढं पुरतं. दुपारचे दोन तास जातात. हे मी खात्रीने सांगतो, कारण ते काम मी स्वतः केलेलं आहे आणि चांगलं केलेलं आहे. त्यात कोणी केसभर चूक काढू शकलं नसतं. अडचण तीच आहे.

मी दिगंबर परचुरे. सरकारी खात्यात तीस वर्षं नकाशे काढले. वारज्यात घर बांधलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आणि तेव्हाच ही गाडी घेतली, सेकंडहँड. माझी बायको उल्का बसायची ते डावीकडचं दार पहिल्यापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली उतरलेलं. हात लावून जरा वर उचललं तरच ते लागायचं, आणि उचललं तरच उघडायचं. ‘अहो, एकदा दाखवा ना कोणाला,’ असं ती म्हणायची. मी म्हणायचो, उचलून लाव, आपल्या गाडीत दाराला मान द्यावा लागतो. तीस वर्षं सरळ रेघा ओढलेल्या माणसाने अकरा वर्षं वाकडं दार वापरलं, याचं कारण विचाराल तर निव्वळ आळस. उल्काला मात्र त्याची इतकी सवय झाली की दुसऱ्यांच्या गाडीतही ती दार उचलायला जायची. लोक हसायचे. मीही हसायचो.

सत्याण्णवच्या जानेवारीत आम्ही मंडईतून परत येत होतो. तिच्या मांडीवर भाजीची पिशवी, त्यातली कोथिंबीर वर आलेली. उल्काने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘जरा कसंतरी होतंय.’ मी दहा मिनिटांत तिला हॉस्पिटलच्या दारात आणलं. उतरलो, धावत तिच्या बाजूला गेलो आणि दार ओढलं. नुसतं ओढलं. उचलायचं असतं हे अकरा वर्षं तिला शिकवणारा मी, त्या वेळी विसरलो. ती आतून हात लावून दार उचलत होती आणि मी बाहेरून सगळा भार टाकून ते खाली दाबत होतो. काचेतून ती माझ्याकडे बघत होती. शेवटी वॉचमनने तिला माझ्या बाजूने बाहेर काढलं. तोवर तिचा हात थांबला होता. जरा आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, असं लोक मला सांगतात. म्हणत असतील.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी व्हरांड्यात बसलो होतो. गाडी समोरच शेडमध्ये. आधी बिजागरी करकरली. मग दार वर घेतल्याचा तो ओळखीचा टक्क आवाज, आणि मग धप्प. कोणीतरी गाडीतून उतरून दार लावलं होतं. मी गेलो, तर शेडमध्ये कोणी नाही. फक्त ओल्या कोथिंबिरीचा वास येत होता.

ते रोज होऊ लागलं. भीती वाटली का? पहिल्या आठवड्यात वाटली. मग मी साडेसहाची वाट बघू लागलो. ती रोज घरी येत होती, एवढंच मला कळत होतं. चहा दोन कप करत होतो, हेही सांगून टाकतो.

पण तो टक्क आवाज मला सोसेना. मेल्यावरही तिला ते दार उचलावं लागत होतं. अकरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच दुरुस्ती. म्हटलं, आता तरी करावी.

कर्वेनगरला कादरभाई म्हणून जुने डेंटर आहेत, पत्र्याचं काम करणारे. माझ्या वयाचे. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, घेऊन या, मी करतो. मी म्हटलं, नाही, मला स्वतः करायचंय. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि वर ऐकवलं, ‘अकरा वर्षांनी मुहूर्त लागला म्हणायचा.’

दुपारी दार उघडून त्याखाली जॅक लावला. ठोकळा, त्यावर टॉवेल. बोल्ट ढिले केले, दोन सूत वर घेतलं, पुन्हा आवळले. दार एका बोटाने लागलं आणि एका बोटाने उघडलं. मला रडू आलं. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी बिजागरी करकरली नाही. टक्क आवाजही आला नाही. पुढची काच मात्र हलकेच थरथरली, आणि गाडीची डावी बाजू किंचित वर उचलली जाऊन खाली बसली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

मी जाऊन दार उघडलं. सीट रिकामी. पण उघडं दार माझ्या हातात तसंच वर-खाली होत राहिलं. वर घेतल्याशिवाय ते उघडत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि आता वर घ्यायला काही उरलंच नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि ती ते उचलतच होती.

‘उल्का,’ मी म्हणालो, ‘आता उचलायचं नाही... नुसतं ढकल...’

ते जोरात हलू लागलं. त्या दिवशी हॉस्पिटलसमोर हललं होतं, तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कादरभाईंना घेऊन आलो आणि सगळं खरं सांगितलं. दार पुन्हा खाली उतरवून द्या म्हटलं. ते हसले नाहीत. सकाळभर त्यांनी बोल्ट ढिले-घट्ट केले, दारावर ओणवे होऊन भार टाकला. कधी दीड सूत उतरायचं, कधी तीन, कधी नुसतंच कलायचं. शेवटी पाना खाली ठेवून ते म्हणाले, ‘दिगंबरराव, बिघडलेलं नीट करायला मी शिकलो. जसं बिघडलं होतं तसंच परत बिघडवायला मला कुणी शिकवलं नाही.’

मग त्यांनीच सुचवलं की दारच काढून टाकू. दुपारी आम्ही दोघांनी ते काढलं आणि शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. गाडीची डावी बाजू उघडी पडली. आता तिला अडवायला काहीच नव्हतं. कादरभाई घरी गेले नाहीत. ‘साडेसहापर्यंत बसतो,’ म्हणाले.

साडेसहा वाजले. कोथिंबिरीचा वास आला, पण आता तो शिळा होता, कुजलेला. उघड्या सीटवर काही हललं नाही. भिंतीला टेकवलेलं दार मात्र जमिनीवरून बोटभर वर उठलं आणि खाली टेकलं. पुन्हा उठलं. कादरभाईंनी माझा दंड धरला.

‘वहिनी...’ ते दाराकडे बघत अगदी हळू म्हणाले, ‘बाहेरच आहात तुम्ही... या आता...’

दार थांबलं नाही. माझ्या हातून तिची सुटका होणार नाही, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. जिवंत असताना झाली नाही, आता कुठली.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडून आवाज आला. उजवीकडचं दार, ज्याला कधी काही झालेलं नव्हतं, तेही आतून कोणीतरी उचलत होतं. सवय नसलेल्या हाताने, घाईघाईने, चुकत. पुन्हा पुन्हा.

‘त्या बाजूला कोण बसायचं?’ कादरभाईंनी विचारलं.

‘मीच. गाडी चालवायला,’ मी म्हणालो. बंद काचेआड कोणी दिसत नव्हतं. मग आतून कोणीतरी खोकलं, घशात अडकल्यासारखं, दोनदा.

कादरभाईंनी माझा दंड सोडला. ते दोन पावलं मागे सरकले आणि गाडीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

‘दिगंबरराव,’ ते म्हणाले, ‘आत्ता तुम्ही खोकलात ना?’

मी खोकलो नव्हतो.