मवाळ मेज

दुपारचं जेवण ऐन भरात होतं आणि हायवेलगतच्या ‘आगटी बार अँड ग्रिल’मध्ये बसायला जागा नव्हती. जाळीवर मटणाचे चॉप चरचरत होते, कोपऱ्यात कुणाच्या तरी बढतीची पार्टी चालली होती, ग्लास भिडत होते, पोरं आइस्क्रीमसाठी हट्ट करत होती. हसण्याखिदळण्याला तोटा नव्हता. फक्त चिडका सूर एकही नव्हता. कोल्हापुरात, मटण आणि बीअर समोर असताना, भरलेल्या हॉटेलात एकाचाही आवाज चढत नाही, हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, उगीच थापा मारू नका.

उज्ज्वलाला आत शिरताना ते जरा खटकलं. पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती भांडायला आली होती.

समोर बसलेला धैर्यशील तिचा धाकटा भाऊ. आई गेली आणि त्यानं उज्ज्वला पोचायच्या आत अग्नी देऊन टाकला. घरात पाहुण्यांचा राबता होता, तेराव्यापर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. सुतक फिटलं तसा त्याचाच फोन आला, “ताई, दोघंच कुठंतरी जेवू या. मी सांगतो कुठं ते.” बरंच झालं, ती मनात म्हणाली. चारचौघांत ऐकवायचं नव्हतं, आता एकट्याला ऐकवते.

चॉप आले, पांढरा रस्सा आला. धैर्यशील मान खाली घालून कांदा चिवडत बसला होता. तिनं ताट बाजूला सरकवलं.

“धैर्या, निपाणीहून यायला कितीसा वेळ लागतो रे? निघाले म्हणून सांगितलं होतं ना मी फोनवर? तेवढाही दम निघाला नाही तुला? पोटच्या पोरीला आईचं तोंड बघू दिलं नाहीस! नालायका, मी मरेपर्यंत माफ करणार नाही तुला!”

आता हा काहीतरी सबबी सांगणार, म्हणून ती सरसावून बसली. तर धैर्यशीलचे खांदे सैल पडले. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“ताई, तू एवढं समजून घेशील असं वाटलं नव्हतं गं.”

“समजून? कुणी समजून घेतलं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“हो ना,” तो मान डोलावत म्हणाला, “झालं ते झालं. जेव आता.”

उज्ज्वलानं वैतागून मान फिरवली. शेजारच्या मेजावर दोन माणसं बसली होती. त्यातला एक तांबडालाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताठ, बोट समोरच्याच्या नाकापाशी. आणि समोरचा शांतपणे त्याला मसाला पापड पुढं करत होता. तिच्या कानावर मात्र त्या तांबड्या माणसाचा लोण्यासारखा आवाज येत होता, “तुझंही बरोबर असेल रे.”

तिनं वेटरला हाक मारली. “हा काय प्रकार आहे?”

“मवाळ मेज, मॅडम!” वेटर कौतुकानं म्हणाला. “कडेला ही चकाकती पट्टी दिसते ना? तुमचा शब्द समोर पोचायच्या आत ती पकडते. आवाजाची लाट असते, तिच्यावर उलटी लाट सोडून तिला जिरवते. मग तुमच्याच आवाजात तीच गोष्ट जरा मऊ करून पलीकडं पाठवते. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळं बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही. पूर्वी इथं सारख्या बाटल्या फुटायच्या. आता बघा, कसं घरच्यासारखं वाटतं.”

“तीच गोष्ट? अहो, मी याला माफ करणार नाही म्हणाले!”

“राग गाळला की जे उरतं ते पलीकडं जातं, मॅडम.”

“आणि मला रागच सांगायचा असेल तर?”

वेटर फडक्यानं मेजाची कडा पुसू लागला. असं कुणी त्याला विचारलं नसावं.

“बंद करा ते.”

“बंद होत नाही, मॅडम. आमच्या परवान्याची अटच आहे ती.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग म्हणजे काय नाकातला शेंबूड आहे, कुणीही यावं आणि पुसून टाकावा? आई गेल्यापासून जपून ठेवलेला राग होता तो, तिचा स्वतःचा. आणि या लाकडाच्या फळीनं तो पिळून घेतला, वर तिच्याच आवाजात त्याला माफी देऊन टाकली! तिला न विचारता!

“चुकलं माझं, ताई,” समोरून धैर्यशीलचा आवाज आला. “माफ कर.”

तिनं झटकन वर पाहिलं. आवाज संपला होता. त्याचे ओठ मात्र अजून हलत होते.

उज्ज्वला उठली. त्याच्या मनगटाला धरून तिनं त्याला भरल्या ताटावरून उठवलं आणि काचेच्या दारातून थेट बाहेर आणलं. गाड्या लावायच्या जागेत ऊन रणरणत होतं, हायवेवरून ट्रक धडधडत होते. तिथं उभं राहून तिनं सगळं पुन्हा ऐकवलं. निपाणी, आईचं तोंड, नालायक, मरेपर्यंत, एकूण एक. धैर्यशीलचा चेहरा पांढराफटक पडला.

“ऐकलंस? हे म्हणत होते मी आत!”

“ठाऊक आहे,” तो पुटपुटला.

“ठाऊक आहे म्हणजे?”

“त्या मेजाचं ठाऊक होतं मला. म्हणून तर इथं बोलावलं. घरी बोलली असतीस तर सोसलं नसतं, ताई.”

“अरे वा रे शहाण्या! तुला सोसत नाही म्हणून मी मुकी व्हायचं? आधी आई बघू दिली नाहीस, आता माझ्या तोंडचं बोलणंही काढून घेतलंस? काय उरलं मग माझ्याकडं?”

ती धापा टाकत उभी राहिली. मग तिचा आवाज खाली आला.

“बरं, एक सांग. आत तू ‘चुकलं माझं’ म्हणालास. ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं रे, खोटं कशाला बोलू. पण आवाज थांबला तरी तुझे ओठ हलत होते. तू खरंच तेच म्हणालास? की दुसरंच काही?”

धैर्यशीलनं तिच्याकडं पाहिलं, मग काचेच्या दाराकडं. आत त्यांच्या मेजावर रस्सा निवत होता आणि कडेची पट्टी चकाकत होती.

“हेच तू आत बसून विचार की, ताई,” तो म्हणाला.