मशीन आता चालतंय

अवंतिका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी होती आणि दुकान बंद होतं. दोन्ही हातांत जुन्या चादरीत गुंडाळलेला सीपीयू. रिक्षा केव्हाच निघून गेली होती. मार्चचं ऊन शिवाजी पेठेतल्या त्या बोळात सरळ उतरलं होतं. हात भरून आले होते, आणि मनात एकच भीती... हे आपल्या हातून निसटलं तर?

"ठेवा की ते खाली," शेजारच्या पायरीवरून आवाज आला. "पळून जात न्हाय ते."

पायरीवर एक तरुण चहा पीत बसला होता. खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. दुकान त्याचंच होतं. चहापुरतं कुलूप घातलेलं. नाव प्रसेनजीत कांबळे, मूळ मलकापूरचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून इथं स्थिरावलेला.

अवंतिकानं एका दमात सगळं सांगून टाकलं. स्क्रीन अचानक निळी होते, पांढरी अक्षरं येतात आणि सगळं ठप्प. रोज. आत तिचा एम.एड.चा प्रबंध होता, सहा महिन्यांचा. प्रत ठेवलेल्या दोन्ही फ्लॉप्या खराब निघालेल्या. आधीच्या दुरुस्तीवाल्यानं फॉरमॅट मारायला, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायला सांगितलं होतं.

तो हसला नाही. त्यानं सीपीयू उघडला, पंख्यावर फुंकर मारली, तसा लाल धुरळा उडाला आणि त्याला एकामागून एक सात शिंका आल्या. डोळे पुसत त्यानं विचारलं, "ह्यात मसाला कुटता काय?"

घराखाली तानाबाईंचं मिरचीचं कांडप होतं, तिनं सांगितलं. सांगता सांगता तिलाच हसू फुटलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यानं आधी तिचा प्रबंध सीडीवर उतरवून दिला. मग पंखा साफ करून मशीन दोन दिवस ठेवून घेतलं. दोन्ही दिवस ते एकदाही बंद पडलं नाही.

घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला स्क्रीन पुन्हा निळी.

आता घाबरले ते तिचे बाबा. यज्ञेश्वर ग्रामोपाध्ये संस्कृतचे निवृत्त शिक्षक. लोकांच्या पत्रिका करून द्यायचे, आता कॉम्प्युटरवर. अवंतिका सात वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून घरात दोघंच. सांगलीचं एक स्थळ आलं होतं. त्या मुलाची आणि अवंतिकाची पत्रिका जुळवायला बाबा तीनदा बसले, दुपारचं जेवण उरकून, आणि तिन्ही वेळा मशीन बंद पडलं. चौथ्या दिवशी ते नृसिंहवाडीला जाऊन दत्ताला अभिषेक करून आले. आल्यावर पुन्हा बसले. पुन्हा निळं.

"हा संकेत आहे," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

प्रसेनजीत घरी येऊ लागला. सकाळी दहाला यायचा, दुपारपर्यंत थांबायचा. एकदा रॅम बदलून बघितली, एकदा पॉवर सप्लाय. अवंतिका टॉर्च धरून उभी राहायची. उजेड हलला की तो वर न बघता म्हणायचा, "हात कापतोय तुमचा." ती म्हणायची, "टॉर्च जड आहे." मग तो बघायचा... आणि दोघंही मशीनकडे वळायची. बाबा त्याच्यासाठी स्वतः चहा टाकायचे. कामात अडचण नको म्हणून कप हळूच त्याच्या शेजारी ठेवायचे.

रात्री अवंतिकाला झोप लागेना. मशीन दुरुस्त झालं नाही तर उरलेला प्रबंध अडकणार होता. आणि झालं तर... तो यायचा थांबणार होता. आपल्याला दुसऱ्या गोष्टीचीच जास्त धास्ती वाटते, हे ध्यानात आलं तेव्हा ती फार घाबरली.

येऊ लागल्यापासून पाचव्या दिवशी प्रसेनजीत व्होल्टेजचा मीटर घेऊन आला. प्लगला जोडून नुसता बसून राहिला. अकरा वाजले. खाली तानाबाईंनी कांडप सुरू केलं, फरशी थरथरली, आणि मीटरचा काटा दोनशे तीसवरून झपकन एकशे सत्तरवर आला. थोड्या वेळात स्क्रीन निळी. तो खाली गेला, तानाबाईंना मोटर बंद करायला लावली, परत सुरू करायला लावली. काटा पुन्हा तसाच पडला. दोन्हींची लाइन एकच होती. मोटर विजेचा घोट घेई आणि कॉम्प्युटर उपाशी पडे.

अवंतिका अगदी हळू म्हणाली, "बाबांना... सांगायलाच हवं का?"

त्याला कळलं. कळल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यानं दोनदा फिरवला.

"सांगितलं न्हाय, तर ते उगीच भीत राहतील," तो म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. संकेत वगैरे काही नाही, सांगलीच्या मुलाचा दोष नाही, खालची मोटर आहे. तानाबाई पदर तोंडाला लावून जिन्यात उभ्या होत्या. "माझ्या मोटरीनं लगीन अडलंतं व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाईटही वाटलं. वायरमन बोलावून कॉम्प्युटरची लाइन वेगळी केली. त्याच दुपारी बाबांनी पत्रिका जुळवली. सत्तावीस गुण. सांगलीची माणसं रविवारी बघायला येणार, असं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी अवंतिका दुकानात गेली. हातात काही नव्हतं. प्रसेनजीत सोल्डरिंग करत होता. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाजूला कॅलेंडर.

"परत बंद पडलं?"

"नाही. आता चालतंय."

"मग?"

"म्हणूनच आले," ती म्हणाली. "आता तुम्ही येणार नाही ना..."

त्यानं सोल्डरिंगचं बटण बंद केलं. मग खाली बघत म्हणाला, की रोज फोन वाजला की तुमचीच तक्रार असावी असं वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची.

"पण मला पत्रिकाच न्हाय," तो म्हणाला. "आमच्यात करत न्हाईत. आईला जन्माची वेळ इचारली तर म्हणती, म्हशीची धार काढायच्या वक्ताला."

"सकाळची धार की संध्याकाळची?"

"तेच तर तिलाबी आठवत न्हाय."

ती हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरले. तो गंभीर झाला. म्हणाला, "मला भीती वाटतीय. तुमच्या वडलांनी मला हातानं चहा दिलाय. उद्या पेठेत त्यांना कोण काय बोललं, तर..."

"मलाही वाटते," अवंतिका म्हणाली. "पण सांगितलं नाही, तर उगीच भीत राहू."

दोघं बरोबरच तिच्या घरचा जिना चढली. बाबा कॉम्प्युटरसमोरच होते. अवंतिकानं सांगितलं, अर्ध्यात आवाज गेला, तरी पूर्ण सांगितलं. बाबा खिडकीकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता ते उठून आत जातील आणि दार लावून घेतील.

"हिच्या आईची आणि माझी पत्रिका माझ्या वडिलांनी जुळवली होती," अखेर ते म्हणाले. "बत्तीस गुण. नऊ वर्षांचा संसार झाला आणि ती गेली. तेव्हापासून मी प्रत्येक पत्रिका भीत भीत जुळवतो. हिची जुळवताना यंत्र बंद पडलं ना, तेव्हा... खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं."

मग ते प्रसेनजीतकडे वळले. "त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात, तर सांगलीचं स्थळ आपोआप मोडलं असतं. तेव्हा हे मनात होतं तुमच्या?"

"व्हय."

"तरी सांगितलंत."

"व्हय."

बाबांनी चष्मा पुसला. नातेवाईक येणं बंद करतील, म्हणाले. लोक बोलतील. आपल्याला भीती वाटते, हे त्यांनी लपवलं नाही. सांगलीला पत्र मात्र मीच लिहितो, म्हणाले.

"आणि मुलीच्या बापानं आधी जायची रीत आहे," ते थांबून म्हणाले. "मलकापूरची सकाळची एसटी किती वाजता असते?"

"सात वाजता," अवंतिका म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघू लागले. दुकानात जाण्याआधी स्टँडवर जाऊन ती विचारून आली होती... पण हे सांगायला ती तिथं थांबली नाही. चहा टाकायला आत गेली.