सोळा फ्रेमची सरासरी

आमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे. आठ मीटर लांब, खिडकी नाही, भिंती काळ्या. टोकाच्या भिंतीवर रेघांचा तक्ता आणि त्यावर मंद केलेला एकच दिवा. दुरुस्त झालेला कॅमेरा इथे तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. दुकान दादाचं, तपासणी माझी. आईबाबांच्या मागे त्यानेच मला वाढवलं, भौतिकशास्त्र शिकवलं, आणि हे तो अजून ऐकवतो.

सोमवारी एका ग्राहकाने मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणून दिला. अंधारातल्या फोटोंत डाग येतो, फोनमध्ये येत नाही, अशी तक्रार होती.

"धूळ असेल. फुंकर मार आणि देऊन टाक," दादा म्हणाला.

"सेन्सरवर फुंकर मारत नाहीत. थुंकी उडते."

"बघा, इतकं शिकवून मला काय मिळालं!"

मी आधी फोनने तक्त्याचा फोटो घेतला. फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. अंधारात त्याला उजेड पुरत नाही, चित्रात दाणे येतात. ते दाणे फोन स्वतःच पुसतो आणि त्यांच्यासोबत खरे बारकावेही पुसून टाकतो. तक्त्याच्या डावीकडे त्याने नुसता गुळगुळीत काळोख दाखवला. ग्राहकाच्या कॅमेऱ्यातला सेन्सर टपाल तिकिटाएवढा होता. तेवढ्याच वेळात तो कितीतरी जास्त उजेड गोळा करतो. त्यात डावीकडे एक करडा, उभट डाग होता. माणसाच्या उंचीचा.

धूळ सेन्सरवर असेल तर फोकस कुठेही फिरवा, डाग तसाच राहतो. हा राहिला नाही. मोठ्या सेन्सरवर, लेन्स पूर्ण उघडी ठेवली की पुढेमागे फार थोडं अंतर स्पष्ट येतं, दोन-तीन मीटरवर जेमतेम वीतभर. म्हणून फोकसची रिंग मोजपट्टीसारखी वापरता येते. मी ती हळूहळू फिरवली. सहा मीटरवर डागाला कडा आली.

टेप घेऊन मी सहा मीटरवर जाऊन उभी राहिले. तिथे काही नव्हतं. फरशी थोडी जास्त गार होती.

मंगळवारी कडा पाच मीटरवर आली. बुधवारी सव्वातीन. आमच्या स्वतःच्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यातही तेच अंतर निघालं. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नव्हता.

गुरुवारी सकाळी मी दादाला सगळे आकडे दाखवले. "खोली काही दिवस बंद ठेवू या."

"एका डागासाठी? दुपारी ग्राहक दारात उभा राहील. शेवटची फ्रेम घे आणि मोकळी हो."

आमच्याकडे तपासणीची शेवटची फ्रेम दादाची असते. तक्त्यावर त्वचेचा रंग नसतो, म्हणून तो कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर स्टुलावर बसतो, तक्त्याकडे पाठ करून. इतक्या कमी उजेडात एका फ्रेमवर भागत नाही. मी सोळा घेते आणि त्यांची सरासरी काढते. दाणे दर वेळी वेगळ्या जागी पडतात, ते सरासरीत विरतात. जे हलतं तेही विरतं. जे अजिबात हलत नाही, तेवढंच उरतं.

"हलू नकोस," मी म्हणाले.

"श्वास घेतला तर चालेल का, मास्तरीणबाई?"

"हळू घे."

शटर वाजत राहिलं. पाच. सहा.

"मागे दार उघडलंस का गं? गार लागतंय."

खोलीला एकच दार आहे. ते माझ्या पाठीशी होतं, बंद.

"हलू नकोस," मी पुन्हा म्हणाले. सवयीने. हे दोन शब्द मला परत घेता आले असते तर.

नवव्या फ्रेमनंतर मी स्क्रीन पाहिला. फोकस दादाच्या डोळ्यावर होता. त्याच्या शर्टाच्या चौकटी स्पष्ट, मागचा तक्ता विरघळलेला.

उजव्या खांद्यामागचा डागही स्पष्ट होता.

"दादा, ऊठ."

"झाल्या सोळा?"

"ऊठ."

"उठवत नाहीये. खांदा जड झालाय." तो हसला, पण अर्धवटच.

मी छतावरचा मोठा दिवा लावला आणि त्याला हाताला धरून ओढलं. स्टूल आडवं झालं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

खोलीला कुलूप लावून मी दादाला दुकानाबाहेर उन्हात आणलं. "त्या भुयारात माझं तोंड भुतासारखं येतं. इथे एक बरा काढ," तो म्हणाला. मी फोनने काढला. लख्ख उजेडात दाणे नसतात, फोनला पुसण्यासारखं काही नसतं. शर्टाचा दोरा न् दोरा आला आहे. फक्त उजव्या खांद्यावर चौकटी पुसल्या गेल्या आहेत. चार अरुंद पट्टे, शेजारी शेजारी, मागून पुढे उतरलेले.

त्याला आठ दिवस झाले. मी त्याला एका जागी बसू देत नाही. सारखी कामं काढते, चकरा मारायला लावते. "ही पोरगी माझा जीव घेणार," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. रोज सकाळी एक फोटो घेते. आजच्या फोटोत पट्टे कॉलरच्या आत गेले आहेत.

वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. ती मात्र खूश आहे. म्हणाली, "इतकी वर्षं रात्रभर तळमळायचे. आता कशी गाढ झोप लागते. कूससुद्धा बदलत नाहीत."